रुग्ण पडण्याआधी कळवणारी खाट: कमी खर्चात संवेदकयुक्त रुग्णखाट कशी घडवावी

खाटेला संवेदक बसवण्याचा विषय निघाला, की बोलणे लगेच कोणता संवेदक घ्यावा आणि तो कितीला पडतो याकडे वळते. त्याआधी एक आकडा हाताशी असायला हवा. रुग्णाने उठण्याची पहिली हालचाल केल्यापासून त्याचे पाय जमिनीवर टेकून तो उभा राहीपर्यंत किती सेकंद जातात, आणि इशारा मिळाल्यापासून कोणीतरी त्याच्या खाटेपाशी पोहोचायला किती सेकंद लागतात, हे दोन्ही आपल्याच वॉर्डात, रात्रपाळीत, घड्याळ लावून मोजावे. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल, तर खाट कितीही हुशार केली तरी रुग्ण पडल्यावरच माणूस पोहोचणार.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या एका शहरी रुग्णालयाच्या १६ वॉर्डांत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २७,६७२ रुग्णांची नोंद होती. काही वॉर्डांमध्ये रुग्ण उठताच वाजणाऱ्या घंटांचा वापर प्रशिक्षण देऊन मुद्दाम वाढवण्यात आला. वापर खरोखर वाढला, पण रुग्ण पडण्याचे प्रमाण म्हणावे तसे घटले नाही. या निष्कर्षावरून संवेदक निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. मात्र घंटा बसवणे म्हणजे सुरक्षितता आणणे, हा समज सोडूनच रचनेला हात घालावा. पुढची सगळी मांडणी त्यामुळे एकाच गोष्टीभोवती फिरते: इशारा जितका लवकर देता येईल तितका लवकर द्यायचा, आणि तो खोटा ठरण्याचे प्रसंग इतके कमी ठेवायचे, की सिस्टर प्रत्येक इशाऱ्याला खरोखर उठून येतील.

उदाहरणासाठी आपल्या राज्यातले ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवू. तिथे साध्या सेमी-फाउलर खाटा आहेत, पायथ्याशी हँडल फिरवून पाठ उचलण्याची सोय आहे, रात्री मोजक्या परिचारिका आहेत, प्रत्येक रुग्णाजवळ एखादा नातेवाईक आहे आणि वीज कधीही जाऊ शकते.

आधी काय मोजायचे नाही ते ठरवा

कमी खर्चाच्या रचनेचा घात बहुतेक वेळा हौसेपोटी होतो. हृदयाचे ठोके, श्वासाचा वेग, शरीराचे तापमान, ओली चादर हे सारे खाटेतून मोजण्याची तंत्रे उपलब्ध आहेत, परंतु ती विश्वासाने चालवण्यासाठी लागणारा खर्च आणि देखभाल या रुग्णालयाला पेलणारी नाही. चुकीचा श्वासवेग दाखवणारी खाट न दाखवणाऱ्या खाटेपेक्षा अधिक घातक असते, कारण कोणीतरी त्या आकड्यावर विसंबून रुग्णाकडे पाहणे टाळतो. ओलाव्यासाठी चादरीखाली उघडे विद्युत्-अग्र ठेवण्याचे प्रयोगही टाळावेत. ओल्या त्वचेजवळ विद्युत्प्रवाह नेण्याइतकी त्यातून मिळणारी माहिती मोलाची नाही.

म्हणून तीनच कामे ठरवू. रुग्ण खाटेच्या कडेला सरकला, की तो उभा राहण्याआधी कळवणे हे पहिले आणि मुख्य. रुग्ण बराच वेळ एकाच कुशीवर पडून राहिला असेल तर कूस बदलण्याची आठवण करणे हे दुसरे. पाठीचा कोन आणि कठड्याची स्थिती दाखवणे हे तिसरे, आणि तेही गरज असेल तरच.

प्रत्येक खाटेला हे बसवण्याचीही गरज नाही. कोणता रुग्ण पडण्याचा धोका अधिक, हे ठरवण्यासाठी मॉर्स मापनश्रेणी वापरता येते. पूर्वी पडल्याचा इतिहास, एकाहून अधिक आजार, चालताना लागणारा आधार, शिरेतून चालू असलेले सलाइन, चालण्याची ढब आणि मनाची स्थिती या सहा बाबींना गुण देऊन बेरीज करायची असते आणि ती ० ते १२५ यांच्या दरम्यान येते. हे काम दोन-तीन मिनिटांचे आहे. त्वचेवर दाबजखमा होण्याचा धोका ब्रेडन मापनश्रेणीने ठरवतात. तिथे उलट, गुण जितके कमी तितका धोका अधिक, आणि १८ किंवा त्याहून कमी गुण असलेल्या रुग्णाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ३० खाटांपैकी सहा ते दहा खाटा संवेदकयुक्त करून धोक्यातल्या रुग्णांना तिथे हलवणे हे सर्व खाटांवर अर्धवट यंत्रणा पसरवण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे.

सांगाडा नीट नसेल तर संवेदक व्यर्थ

फॅब्रिकेटरकडे जाण्यापूर्वी खाटेची उंची तपासा. रुग्ण कडेला बसल्यावर त्याचे तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. अनेक वॉर्डांतल्या खाटा गादी धरून इतक्या उंच असतात, की ठेंगण्या वृद्ध स्त्रीचे पाय लोंबकळत राहतात आणि ती उतरताना अक्षरशः उडी घेते. पाय कापून खाट खाली आणणे हा सर्वांत स्वस्त सुरक्षा-उपाय आहे. खाट खाली केल्यावर परिचारिकांना ड्रेसिंग करताना वाकावे लागेल, ही तक्रार रास्त आहे. त्यामुळे धोक्यातल्या रुग्णांच्या खाटाच तेवढ्या खाली आणाव्यात.

कठड्यांबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. कठडा उंच आणि सलग असेल, तर गोंधळलेला रुग्ण तो ओलांडून जायचा प्रयत्न करतो आणि खाटेच्या नव्हे, कठड्याच्या उंचीवरून कोसळतो. शिवाय दांड्यांमध्ये किंवा कठडा व गादी यांच्या फटीत डोके, मान अडकून रुग्ण गुदमरल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार कठड्याच्या आतल्या मोकळ्या जागा, कठड्याखालची फट आणि कठडा व गादी यांमधली फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी असावी, तर कठड्याच्या टोकापाशी त्याच्या खालच्या कडेची व गादीची फट ६० मिलिमीटरपेक्षा कमी असावी. रुग्णखाटांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१-२-५२ हेदेखील याच धोक्यांचा तपशीलवार विचार करते. स्थानिक कारागिराला हे आकडे आराखड्यावर लिहूनच द्या आणि गादी घालून, ती बाजूला ढकलून, मोजपट्टी लावून पाहा. पातळ किंवा आखूड गादी घातली, की बरोबर बनवलेला कठडाही सापळा होतो. माझ्या मते उशाकडच्या अर्ध्या लांबीचा कठडा पुरेसा आहे. पायथ्याकडे मोकळी जागा ठेवल्याने रुग्णाला उतरायला वाट राहते आणि हाताला आधारही मिळतो.

चाके असतील तर चारही चाकांना ब्रेक हवेत. ब्रेकची स्थिती कळवणारा संवेदक बसवता येतो, पण ब्रेक सुटलेला असताना दुरून दिसेल असा लाल रंगाचा पट्टा पायडलवर रंगवला, तर तेवढेच काम जवळजवळ फुकटात होते.

लोडसेल: चार, आणि प्रत्येक वेगळा

मुख्य काम वजन मोजणाऱ्या चार लोडसेलवर सोपवायचे आहे. गादीखाली ठेवायच्या दाबपट्ट्या स्वस्त मिळतात, पण त्या सरकतात, दुमडतात, सतत दाबाखाली त्यांचे वाचन हळूहळू बदलत जाते आणि रुग्ण उठल्यावरच त्या बोलतात. लोडसेल खाटेच्या सांगाड्यात असतात, त्यामुळे रुग्णाच्या अंगाखाली काहीही येत नाही.

महाविद्यालयीन प्रकल्पांत स्नानगृहातल्या वजनकाट्याचे ५० किलो क्षमतेचे चार संवेदक सर्रास वापरले जातात. चार मिळून २०० किलो होतात, म्हणजे पुरेसे, असा हिशेब त्यामागे असतो. तो खाटेला लागू पडत नाही, कारण भार चार कोपऱ्यांवर कधीच समान वाटला जात नाही. समजा वरची चौकट आणि गादी मिळून ५० किलो आहेत, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर साडेबारा. १०० किलोचा रुग्ण उजव्या कडेला, पायथ्याच्या बाजूने बसला आणि ७० किलोचा नातेवाईक त्याच्या शेजारी बसला, तर १७० किलोंचा जवळजवळ सगळा भार उजवीकडच्या दोन लोडसेलवर येतो, आणि त्यातला तीन चतुर्थांश पायथ्याकडच्या एकट्यावर पडला तर त्याच्यावर सुमारे १४० किलो होतात. ५० किलोचा संवेदक इथे कायमचा वाकेल. म्हणून प्रत्येकी २०० किलो क्षमतेचे शिअर-बीम प्रकारचे, पाणी आत न जाणारे चार लोडसेल घ्यावेत. संपूर्ण यंत्रणेत सर्वांत जास्त पैसा यांवर आणि त्यांच्या बैठकीच्या वेल्डिंगकामावर जातो. इलेक्ट्रॉनिक भागांचा खर्च त्यामानाने थोडा असतो, त्यामुळे काटकसर करायची तर इथे करू नये.

लोडसेल कुठे बसवायचे? पायांखाली वाटीसारखी बैठक करून ठेवणे सर्वांत सोपे, सांगाड्याला भोकही पाडावे लागत नाही. परंतु त्यामुळे खाट चार-पाच सेंटिमीटर उंच होते आणि ढकलायची झाली की उचलावी लागते. पाय आणि चाक यांच्यामध्ये बसवले, तर खाट ढकलताना बसणारे आडवे धक्के लोडसेलवर येतात. सर्वांत टिकाऊ रचना म्हणजे खाटेच्या दोन चौकटी करणे: खालची चौकट पाय आणि चाकांसह, वरची चौकट गादी आणि पाठ उचलणाऱ्या हँडलसह, आणि दोहोंच्या मध्ये चार कोपऱ्यांवर लोडसेल. सलाइनचा दांडा, लघवीच्या पिशवीचा हूक आणि ऑक्सिजन सिलिंडरची पकड मात्र खालच्या चौकटीला जोडायची, म्हणजे पिशवी भरली किंवा बाटली बदलली तरी वजनात फरक दिसत नाही. वरच्या चौकटीचा भार गोल डोक्याच्या बोल्टवरून लोडसेलवर उतरवा. केवळ उभा दाब पोहोचला पाहिजे. चौकट उचलली जाऊन निसटू नये म्हणून प्रत्येक कोपऱ्याला सैल अडकण-बोल्ट हवा. लोडसेल जितके कडेकडे बसवता येतील तितके बसवा, नाहीतर रुग्ण त्यांच्या रेषेबाहेर बसल्यावर विरुद्ध बाजू उचलली जाते.

जोडणी साधी आहे. एका लोडसेलला, त्याचा सूक्ष्म विद्युत्-संकेत आकड्यांत बदलणारे, एक एचएक्स७११ हे २४ बिटचे रूपांतरक मॉड्यूल, अशी चार मॉड्यूल, आणि ती वाचणारा एटीमेगा३२८ हा सूक्ष्मनियंत्रक. प्रति व्होल्ट २ मिलिव्होल्ट संवेदनशीलतेचा लोडसेल ५ व्होल्टवर पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट देतो आणि एचएक्स७११ची १२८ पट वर्धनाची मर्यादा दोन्ही दिशांना २० मिलिव्होल्ट असते, त्यामुळे मोजमाप आरामात बसते. हे मॉड्यूल सेकंदाला १० किंवा ८० वाचने देऊ शकते. इथे १० पुरेशी आहेत आणि त्यांत गोंगाटही कमी असतो. चारही लोडसेल एकाच मॉड्यूलला समांतर जोडून पैसे वाचवण्याचा मोह होईल. तसे केल्यास एकूण वजन कळते, रुग्ण कुठे आहे ते कळत नाही, आणि आपले सगळे काम 'कुठे' या प्रश्नावरच उभे आहे.

कडेला सरकलेला रुग्ण ओळखणे

रिकाम्या खाटेचे वाचन वजा केल्यावर चार कोपऱ्यांचे चार आकडे उरतात. त्यांची बेरीज म्हणजे रुग्णाचे वजन. उजव्या दोघांच्या बेरजेतून डाव्या दोघांची बेरीज वजा करा, एकूण वजनाने भागा आणि लोडसेलमधल्या आडव्या अंतराच्या निम्म्याने गुणा. भारकेंद्र मध्यरेषेपासून किती दूर आहे ते मिळते. लोडसेल ८० सेंटिमीटर अंतरावर आहेत, रुग्ण ६० किलोचा आहे, उजवीकडे ४५ आणि डावीकडे १५ किलो दिसत आहेत असे धरू. फरक ३०, भागिले ६० म्हणजे अर्धा, गुणिले ४० म्हणजे २० सेंटिमीटर उजवीकडे. उशा आणि पायथा यांच्यासाठी हाच हिशेब लांबीच्या दिशेने करायचा.

आता उठण्याची क्रिया आकड्यांत कशी दिसते ते पाहा. पडलेला रुग्ण उठून बसतो तेव्हा धडाचे वजन उशाकडून कमरेवर येते, म्हणून भारकेंद्र पायथ्याकडे सरकते आणि एकूण वजन तेवढेच राहते. मग तो वळून पाय खाली सोडतो, भारकेंद्र झपाट्याने एका कडेला जाते. तळवे जमिनीला टेकले, की वजनाचा काही भाग जमीन पेलते आणि ६० किलोंचे ५२ किंवा ५० होऊ लागतात. त्यानंतर बेरीज कोसळते, म्हणजे रुग्ण उभा राहिला. स्वस्त घंटा या शेवटच्या टप्प्यावर वाजतात. आपल्याला दुसऱ्या टप्प्यावर बोलायचे आहे. भारकेंद्र ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले आणि दोन सेकंद तिथेच राहिले, की पिवळा इशारा. त्या स्थितीत वजन घटू लागले, की लगेच लाल. अतिशय अस्वस्थ किंवा भ्रमात असलेल्या रुग्णासाठी उठून बसण्याच्या पहिल्या टप्प्यालाही इशारा देण्याची सोय ठेवावी, पण ती प्रत्येकासाठी चालू ठेवली तर दर पाच मिनिटांनी दिवा लागेल आणि आठवडाभरात कोणीतरी वायर काढून ठेवील. मर्यादा किती सेंटिमीटरची ठेवायची हे पुस्तकातून घेऊ नका; कूस बदलताना केंद्र किती सरकते आणि कडेला बसताना किती, हे आपल्या खाटेवर, आपल्या गादीवर निरनिराळ्या वजनाच्या माणसांना झोपवून ठरवा.

इथे आपल्याकडच्या वॉर्डाचे एक वैशिष्ट्य आडवे येते, आणि परदेशी खाटांची नक्कल करणाऱ्या रचना तिथेच कोलमडतात. आपल्याकडे नातेवाईक खाटेवर बसतो. तो रुग्णाला भरवतो, पाय चेपतो, डबा उघडतो, रात्री पायथ्याशी डोके टेकतो. ते थांबवण्याच्या सूचना भिंतीवर लावून काही साधत नाही, आणि त्याच्या जवळ असण्याने रुग्णाला मिळणारा धीर मोडण्याची इच्छाही कोणी धरू नये. म्हणून यंत्रणेला पाहुणा ओळखता आला पाहिजे. त्यासाठी एकूण भाराऐवजी बदललेला भार पाहायचा. समजा क्षणात उजवीकडे पायथ्याला ४०, उशाला २०, डावीकडे पायथ्याला ३ आणि उशाला २ किलोंची भर पडली. भर ६५ किलोंची आहे आणि तिचे स्वतःचे केंद्र मध्यरेषेपासून सुमारे ३४ सेंटिमीटर उजवीकडे येते; म्हणजे कोणीतरी उजव्या कडेला बसले. रुग्णाचे वजन दाखल करताना नोंदलेले असल्याने यंत्रणा 'सोबत माणूस आहे' अशी स्थिती धरते आणि कडेचा पिवळा इशारा तात्पुरता थांबवते. पुढे वजन घटले, की ते कुठून घटले हेही त्याच रीतीने काढता येते: कडेवरचे ६५ गेले तर नातेवाईक उठला आणि देखरेख पूर्ववत सुरू होते; रुग्णाच्या वजनाइतका भार खाटेवरून गेला तर लाल इशारा द्यायचा. दोघांचे वजन जवळपास सारखे असेल आणि दोघेही एकाच कडेला असतील, तर यंत्रणेने शंका असताना गप्प राहू नये, इशारा द्यावा.

दुसरी मोठी अडचण विजेची. बहुतेक तयार कार्यक्रमांत यंत्र चालू होताच त्या क्षणीचे वाचन शून्य धरण्याची पद्धत असते. वीज जाऊन आली, की खाटेवर झोपलेल्या रुग्णाचे वजनच शून्य मानले जाईल आणि तो उठला तरी यंत्रणा गप्प राहील. शून्याचे वाचन कायमस्वरूपी स्मृतीत साठवा, आणि ते नव्याने घेण्याची परवानगी केवळ दोन बटणे एकत्र दाबल्यावर, खाट रिकामी असल्याची खात्री करूनच द्या. हेही लक्षात असू द्या की या खाटेवर दिसणारे वजन औषधाची मात्रा ठरवण्यासाठी वापरायचे नाही. दीर्घ भाराखाली आणि तापमानाबरोबर वाचन थोडे सरकते, आणि हालचाल ओळखायला ते चालते, औषधाला चालत नाही.

कूस बदलण्याची आठवण, कोन आणि कठडा

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, असा रिवाज आहे. गादीचा प्रकार आणि त्वचेची स्थिती पाहून डॉक्टर हे अंतर कमी-जास्त करतात, म्हणून ते बदलता येण्याजोगे ठेवा. भारकेंद्र ठळकपणे सरकून नव्या जागी स्थिर झाले, तर वेळमापक पुन्हा शून्यावर आणायचा. यात एक खाच आहे: कुशल परिचारिका रुग्णाला आधी मागे ओढून मग कुशीवर वळवतात, त्यामुळे कूस बदलूनही केंद्र जवळजवळ जागेवरच राहते. म्हणून खाटेच्या पायथ्याशी 'कूस बदलली' असे एक मोठे बटण द्या. चार लोडसेलना रुग्णाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर किती दाब आहे ते कळत नाही. त्वचा डोळ्यांनी पाहणे, बोटाने दाबून पाहणे हे काम परिचारिकेचेच राहते.

नळीतून अन्न दिले जाणाऱ्या किंवा श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णाची पाठ साधारण ३० ते ४५ अंशांत ठेवतात. एमपीयू-६०५० सारखा कलमापक पाठीच्या फळीखाली चिकटवून कोन वाचता येतो. असे रुग्ण क्वचितच येत असतील, तर फळीच्या बाजूला कोनमापक रंगवून त्यावर ओळंबा लटकवा. सिस्टरांना दुरून दिसतो आणि कधी बिघडत नाही. कठडा खाली आहे की वर, यासाठी चुंबकाने चालणारा सीलबंद रीड स्विच पुरतो.

वीज आणि तारा

रुग्णाच्या खाटेवर २३० व्होल्ट येऊ देऊ नका, हा नियम कोणत्याही सबबीखाली मोडू नये. बाजारातला मोबाइल चार्जर तर नकोच. त्यातून झिरपणारा प्रवाह किती असेल याची हमी नसते. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ मानकात रुग्णाच्या शरीराला जोडलेल्या, बीएफ प्रकारच्या भागांसाठी झिरपत्या प्रवाहाची मर्यादा सामान्य स्थितीत १०० आणि एक दोष उद्भवल्यास ५०० मायक्रोॲम्पिअर आहे. ती पाळणारा, वैद्यकीय दर्जाचा, मुख्य विजेपासून विलग केलेला एकच १२ व्होल्टचा वीजपुरवठा परिचारिका कक्षात ठेवा आणि तिथून भिंतीच्या कडेने नळीतून प्रत्येक खाटेच्या उशापर्यंत तार न्या. त्याच तारेतून आरएस-४८५ या, तारेवरून माहिती पाठवण्याच्या प्रमाणित पद्धतीने माहितीही जाते. ही पद्धत १,२०० मीटरपर्यंत चालते, एका ओळीवर ३२ यंत्रे बसतात, आणि ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लावावे लागतात.

वायफाय टाळण्याचे कारण सरळ आहे. वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि अंधारात उठणाऱ्या रुग्णाला यंत्रणेची गरज नेमकी तेव्हाच असते. तारेच्या रचनेत एका खाटेला १२ व्होल्टवर साधारण ५० मिलिॲम्पिअर लागतात असे धरले, तर दहा खाटांना अर्धा ॲम्पिअर होतो. ७ ॲम्पिअर-तासाची सीलबंद बॅटरी कागदावर १४ तास आणि प्रत्यक्षात एक रात्र सहज काढते. तार चालण्याच्या वाटेवर आडवी येता कामा नये. खाट हलवताना प्लग निघाला, तर कक्षातल्या फलकावर त्या खाटेचा दिवा 'संपर्क नाही' असे दाखवू लागला पाहिजे. हिरवा दिवा तसाच राहणे हा सर्वांत वाईट दोष.

इशारा कोणाला आणि कसा

पहिला इशारा रुग्णालाच द्या. खाटेच्या उशाशी लहान स्पीकर लावून 'आजी, थोडं थांबा, सिस्टर येत आहेत' अशी ओळखीच्या बोलीतली, शांत आवाजातली सूचना वाजवली, तर अनेक रुग्ण क्षणभर थबकतात, आणि शेजारी झोपलेला नातेवाईकही जागा होतो. आपल्या वॉर्डात सर्वांत आधी पोहोचणारा माणूस तोच आहे. दाखल होतानाच त्याला पिवळ्या आणि लाल दिव्याचा अर्थ समजावून सांगा, आणि रुग्णाला एकट्याने न उचलता फक्त बसते धरून ठेवायला शिकवा. त्याच क्षणी खाटेखाली मंद दिवा लागावा, म्हणजे चपला आणि जमीन दिसते. कर्णकर्कश भोंगा खाटेपाशी नको, तो घाबरवून रुग्णाला उभे करतो.

परिचारिका कक्षात खाटेच्या क्रमांकासह दिवा आणि दोन वेगळे सूर असावेत. रंगांचा अर्थ आयईसी ६०६०१-१-८ या मानकाशी जुळता ठेवा: तातडीच्या इशाऱ्याला लुकलुकणारा लाल, मध्यम इशाऱ्याला लुकलुकणारा पिवळा. इशारा बंद करण्याचे बटण मात्र केवळ खाटेवर ठेवा. कक्षात बसून तो बंद करता आला, तर कामाच्या रेट्यात तो तिथूनच बंद होऊ लागेल.

रात्री उठण्याचे मोठे कारण लघवी असते. नोंदींत एखादा रुग्ण रोज पहाटे तीनच्या सुमारास उठताना दिसला, तर त्याला पावणेतीनला बेडपॅन देणे हा इशाऱ्यापेक्षा चांगला उपयोग आहे, आणि संवेदकांच्या नोंदींतून मिळणारे बहुधा हेच सर्वांत मोलाचे ज्ञान असेल.

चाचणी, परवानगी, देखभाल

अंशशोधनासाठी, म्हणजे वाचन खऱ्या वजनाशी जुळवून घेण्यासाठी, वैधमापन विभागाची मुद्रा असलेली २० किलोंची लोखंडी वजने घ्या. ती चार कोपऱ्यांवर आणि मध्यभागी ठेवून प्रत्येक लोडसेलचा गुणक स्वतंत्रपणे काढा. मग निरोगी सहकाऱ्यांना वेगवेगळ्या रीतीने उठायला सांगा: झटकन, हळू, पायथ्याकडून घसरत, कठड्याला धरून. त्यानंतरचा टप्पा मूक चाचणीचा. यंत्रणा सगळे नोंदवते, पण इशारा देत नाही, आणि परिचारिकांच्या नोंदवहीशी ताडून पाहून मर्यादा सुधारल्या जातात. शेवटी दोन-तीन खाटांवर इशारे सुरू करा आणि दोन गोष्टी सातत्याने मोजा: एका खाटेमागे एका रात्रीत किती खोटे इशारे आले, आणि इशाऱ्यापासून रुग्णाला हात लागेपर्यंत किती सेकंद गेले.

प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी करण्यापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची वा नातेवाइकांची लेखी संमती आवश्यक आहे. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली आहेत. म्हणून एका रुग्णालयातल्या प्रयोगापलीकडे जाऊन खाटा बनवून विकायच्या असतील, तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे उपकरणाचा वर्ग निश्चित करून घेण्यापासून सुरुवात करावी. नोंदींत रुग्णाचे नाव साठवू नका; खाट क्रमांक आणि वेळ पुरते.

खाट दिवसातून अनेकदा पुसली जाते आणि सांडलेल्या रक्तावर हायपोक्लोराइट वापरले जाते. ते लोखंड खाते, म्हणून लोडसेल शक्यतो स्टेनलेस पोलादाचे घ्या, बैठकींवर पावडर-कोटिंग करा, इलेक्ट्रॉनिक मंडळाच्या (सर्किट बोर्डाच्या) पेटीत तारा रबरी ग्लँडमधून आत घ्या आणि मंडळावर ओलाव्यापासून वाचवणारे लाखेचे अस्तर द्या, कारण कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्यामुळेच वाचने भरकटतात. उंदीर तारा कुरतडतात, त्यांना धातूच्या लवचिक नळीचे संरक्षण द्या. पाठीच्या बिजागरीजवळून जाणारी तार सैल ठेवा, नाहीतर हँडल फिरवताना ती तुटते. महिन्यातून एकदा खाट रिकामी करून २० किलोचे वजन प्रत्येक कोपऱ्यावर ठेवावे आणि वाचन पायथ्याशी टांगलेल्या कार्डावर तारखेसह लिहावे. एखाद्या कोपऱ्याचा आकडा एका किलोपेक्षा जास्त चुकला, तर ती खाट दुरुस्त होईपर्यंत तिच्यावर 'संवेदक बंद' अशी पाटी लावून धोक्यातल्या रुग्णाला दुसऱ्या खाटेवर हलवावे.